एकेचाळीसचं बेणं

हेट बिल्ट, फ्रीस्लंड
२८ एप्रिल १९९६

श्रीमती एफी गेडिस यांस,

माझी बहीण हिस्का मागच्या मंगळवारी वारली. आपण फेब्रुवारीत स्कॉटलंडहून बोटीने येऊन तिला हॉस्पिटलात भेटून गेलात, तेव्हा तिच्या खाटेशेजारी आपली ओळख झाली होती. तिचा भाऊ रींक, तो मी. आपल्याला ऐकू कमी येते असे ती म्हणाली होती, म्हणून फोन न करता लिहीत आहे.

दफन साधेपणाने झाले. लोक आले, कॉफी झाली, लोक गेले.

लिहिण्याचे कारण वेगळे आहे. मागच्या पडवीत खिडकीच्या उजेडात तिचे बटाट्याचे बेणे लाकडी खोक्यांत मांडलेले आहे. प्रत्येक खोक्यावर तिच्या अक्षरातली नंबराची पाटी आहे. ती हॉस्पिटलात असताना मी पडवीत फिरकलो नव्हतो. काल दार उघडले तर सगळ्या खोक्यांना आखूड, जाड, जांभळे कोंब आलेले होते. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

मी निवृत्तीपर्यंत पाणीपातळीच्या कचेरीत होतो. कोणत्या चरात किती पाणी ठेवायचे ते मला कळते. बटाट्यातले काही कळत नाही. नोकरी संपल्यापासून एकाच घरात राहूनही तिला कधी नीट विचारले नाही.

शेजारचे पोप्के बेण्याचे बटाटे पिकवतात. त्यांच्या शेताच्या कडेची एक पट्टी ते हिस्काला तिच्या नव्या वाणांसाठी देत. ते काल कुंपणापाशी आले. मला ते साहेब म्हणतात, थट्टेने.

"साहेब, बटाट्याला दुखवटा नसतो. मे उजाडला की तो जमिनीत जायलाच पाहिजे. लावताय, की गाईंना घालू?"

मी लावतो म्हणालो. आता काय आणि कसे लावायचे ते आपण सांगावे. ती एकेचाळीस नंबराबद्दल सर्वांत जास्त बोलत असे, एवढे मला माहीत आहे.

आपला,
रींक वासेनार


ब्रीकिनजवळ, अँगस
९ मे १९९६

प्रिय रींक,

हिस्का गेली हे ऐकून मी दिवसभर शेतात होते आणि काहीच केलं नाही. सांत्वन मला जमत नाही. कामाचं लिहिते.

एकेचाळीस म्हणजे तिची बारा वर्षं आहेत. बाजारात खपणारे आपले सगळे वाण एकमेकांची चुलत-मावस भावंडं. एकाला करपा लागला की ओल्या हवेत आठवड्याभरात सगळ्यांची पानं काळी पडतात. म्हणून हिस्का बाहेरचं रक्त शोधत गेली. एकेचाळीसच्या पणजीत मेक्सिकोच्या डोंगरातला एक रानबटाटा आहे. गोटीएवढा, कडू, पण करप्याला दाद न देणारा. कडूपणा काढायचा आणि दाद न देणं ठेवायचं, यात तिचं आयुष्य गेलं. एकेचाळीसला तिने कधी औषध मारलं नाही, तरी पान हिरवं राहिलं. अजून त्याला नाव नाही. सरकारी चाचण्या होईपर्यंत नाव ठेवायचं नाही, ते अशुभ असतं. आम्ही शहाणी माणसं आहोत, पण एवढं पाळतो.

एकेचाळीस लावा. बाकीच्यांतले चार-दोन लावा, उरलेले खरंच गाईंना घाला. जूनपासून दर एक-दोन दिवसांनी सऱ्यांतून चालत जायचं. पान आखडलेलं, फिकट ठिपक्यांचं, झाड खुजं दिसलं की मुळासकट, खालच्या बटाट्यांसकट उपटायचं, पोत्यात घालायचं आणि शेताबाहेर न्यायचं. त्याला विषाणू असतो. मावा म्हणजे बारीक कीड; ती आजाऱ्यावर बसते आणि उडून चांगल्यावर जाते. आपला धंदा लावण्याचा नाही, टाकण्याचा आहे.

आणि सप्टेंबरात काढणी झाली की प्रत्येक झाडाचे बटाटे त्याच्या पाटीपुढे मांडून निवड करायची. नापसंत ढीग बुटाने लोटायचा. हातात घ्यायचा नाही. हातात घेतलं की माणूस त्याची बाजू घ्यायला लागतो. हे मला हिस्कानेच शिकवलं.

तिने मागच्या जूनमध्ये एकेचाळीसचे पराग पाकिटातून पाठवले होते. मी माझ्या फुलांवर लावले, हिरवी फळं धरली, बी काढून ठेवलंय. सवडीने बघू.

फेब्रुवारीत ती आणखी काही म्हणाली होती. ते राहू दे.

एफी गेडिस


हेट बिल्ट
२४ जून १९९६

प्रिय श्रीमती गेडिस,

आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. लागवड झाली. मी सगळीच खोकी लावली. पट्टीत जागा होती आणि कोणते चार-दोन निवडावे ते मला ठरवता येईना.

रोज सकाळी सऱ्यांतून चालतो. एकेचाळीस ताठ उभे आहे. फूल पांढरे, आतल्या बाजूला फिकट जांभळी छटा. हिस्काने तिच्या खोलीच्या खिडकीला त्याच रंगाची किनार का दिली होती ते आता कळले.

मधल्या काही सऱ्यांत पाने जराशी आखडली आहेत. त्या बाजूच्या चरात पाणी यंदा खाली ठेवले आहे, माझ्या वेळी तसे नसे. मुळांना ओल कमी पडत असावी. मी कचेरीत जाऊन सांगून आलो. त्या झाडांवर लक्ष ठेवून आहे.

पोप्के परवा कुंपणावरून म्हणाले, "साहेब, ती मधली आखडलेली काय भानगड आहे?"

"पाणी खाली आहे," मी म्हणालो.

"पाण्याचं तुम्हाला माहीत. माझ्या सऱ्या तुमच्या पट्टीला लागून आहेत एवढं लक्षात ठेवा."

आपला,
रींक वासेनार


अँगस
२ जुलै १९९६

रींक,

पत्र वाचलं आणि उभ्या उभ्याच लिहायला घेतलं. त्या झाडांवर लक्ष ठेवायचं नसतं. ती उपटायची असतात. पाणी कमी पडलं तर अख्खी सरी मलूल होते. मधलं एक आखडतं आणि शेजारचं टवटवीत राहतं, ते पाण्याने होत नाही. तुमचे चर तुम्हाला लखलाभ.

आज उपटा. पत्र हातात आहे तर ते खाली ठेवा आणि आधी उपटून या. त्यात कुठलाही नंबर असो. एकेचाळीस तिथून चार पावलांवर आहे आणि मावा कुंपण मानत नाही.

झालं की एक ओळ टाका.

एफी


हेट बिल्ट
१० जुलै १९९६

प्रिय श्रीमती गेडिस,

आपल्या सूचनेप्रमाणे केले. आता सर्व ठीक आहे. इकडे हवा कोरडी आहे.

आपला,
रींक वासेनार


अँगस
२१ जुलै १९९६

प्रिय रींक,

जीव भांड्यात पडला. मागच्या पत्रात ओरडले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, आणि माझं लिहिणंही तसंच. हिस्का म्हणायची, एफीचं पत्र उघडलं की खोलीतली मांजर बाहेर जाते.

आता पाला कापून टाका, म्हणजे माव्याला बसायला जागा राहणार नाही. काढणी झाली की तुमच्याकडच्या प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या आणि मला कळवा. खरं सांगायचं तर तुम्हाला हे जमेल असं मला वाटलं नव्हतं.

एफी


हेट बिल्ट
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय श्रीमती गेडिस,

सप्टेंबरात आणि ऑक्टोबरात आपली पत्रे आली. उत्तर दिले नाही. आता देतो.

जुलैत मी आपल्याला खोटे लिहिले. आपले पत्र वाचून मी पोते घेऊन गेलो होतो. पहिले झाड उपटले. मुळाशी गोट्यांएवढे बटाटे लोंबत होते, साल अंगठ्याने निघेल इतकी पातळ. मी ते हातावर घेतले. पाटीवर तिचे अक्षर होते. मी ते झाड परत खड्ड्यात बसवले, माती ओढली आणि झारीने पाणी घातले. दुसऱ्याला हात लावला नाही. पोते रिकामेच घरी आणले. पुढचे काही दिवस झाडे थोडी बरी दिसली, किंवा मला तशी दिसली.

प्रयोगशाळेचा निकाल आला आहे. आमच्या पट्टीतल्या सर्व वाणांत विषाणू निघाला. एकेचाळीसचा एकही बटाटा स्वच्छ नाही.

त्याच दिवशी पोप्के आले. स्वयंपाकघरात बसले, टोपी काढली नाही.

"साहेब, आमच्या कडेच्या सऱ्या बेण्यातून बाद झाल्या. खायला विका म्हणतात."

"किती सऱ्या?"

"हिस्काच्या पट्टीकडच्या सगळ्या. तिकडे दूरच्या बाजूला काही नाही. मावा कुठून आला ते आंधळ्यालाही दिसेल." मग ते म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात पाणी खाली आहे."

"मला तसे वाटले होते."

"वाटलं होतं, की वाटवून घेतलं होतं?"

मी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. त्यांनी कॉफी पूर्ण प्यायली.

"ती असती तर सकाळी उपटून दुपारी विसरली असती," ते म्हणाले. "बहीण गेलीय म्हणून मी आवाज चढवत नाही. पण पुढच्या वर्षी पट्टी मिळणार नाही. कुणालाच."

आपल्याला एकच विचारायचे आहे. एकेचाळीसचा एखादा बटाटा, एखादे रोप आपल्याकडे आहे का? असेल तर मी स्वतः बोटीने न्यायला येतो. त्यानंतर आपण मला काहीही लिहिले तरी चालेल.

रींक वासेनार


अँगस
१५ डिसेंबर १९९६

प्रिय रींक,

चार वेळा लिहिलं आणि चार वेळा शेगडीत घातलं. पहिल्या तिन्हीत तुम्हाला शिव्या होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्याच वाटणीच्या आहेत, म्हणून हे पाचवं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. आमचा भाग बेण्याचा आहे. बाहेरचा बटाटा इथे आणायला बंदी आहे. हिस्काने कधी एकही पाठवला नाही. फक्त पराग.

आता दुसरं. फेब्रुवारीत तुम्ही कॉफी आणायला खाली गेलात, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "रींकला बटाटे देऊ नकोस. त्याला काही टाकवत नाही. आमच्या आईचे पडदे अजून त्याच्या कपाटात आहेत. एकेचाळीस एखाद्या संस्थेला दे, ते काचेच्या नळीत जपतील. बाकीचं नांगरून टाक." मी हो म्हणाले. मग तुमचं पत्र आलं. दफनाच्या त्यात दोन ओळी, आणि कोंबांचं सगळं पान. मला वाटलं, एक उन्हाळा राहू दे या माणसाकडे. तिने सांगितलेलं मी दाबून ठेवलं. दया आली मला. आयुष्यभर खुजी झाडं उपटणारी बाई मी, मला तेव्हाच दया यायची होती.

तेव्हा एकेचाळीस दोघांनी मिळून घालवलंय. तुम्ही एकट्याने त्याचं श्रेय घेऊ नका.

आता तिसरं. सोबतच्या पुडीत बी आहे. तिचे पराग, माझं झाड. बेणं लावलं की तेच झाड पुन्हा उगवतं, त्याच्या दुखण्यासकट. हा विषाणू बियात मात्र जात नाही. बी स्वच्छ असतं. पण बियातून येतं ते मूल असतं, तेच झाड नाही. हे नीट वाचा, रींक, कारण मी तुम्हाला ओळखायला लागलेय: यातलं एकही रोप एकेचाळीस नसेल. करप्याला दाद न देण्याचा गुण निम्म्यांत उतरेल; तो एकाच ठिकाणी बसलेला आहे, नाणं उडवावं तसा येतो किंवा येत नाही. चव, आकार, उत्पन्न यांचं तसं नसतं. ते शेकडो धाग्यांनी विणलेलं असतं, प्रत्येक बियात वेगळं विणलं जातं, आणि त्यातही बरंचसं झाडाचं नसून जमिनीचं असतं. हिस्का ज्याला एकेचाळीसची चव म्हणायची, त्यात तुमच्या चिकणमातीचा वाटा किती होता ते आता कुणालाच कळणार नाही.

शोधत बसू नका. नुसतं पेरा. पेरायचं नसेल तर परत पाठवा.

एफी


हेट बिल्ट
२३ मार्च १९९७

प्रिय एफी,

मी फार रागावलो होतो. तुमच्यावर, आणि हिस्कावर जास्त. ती मला तोंडावर सांगू शकली असती. मी रोज तिच्याजवळ बसत होतो. पुष्कळ दिवसांनी मी आईचे पडदे कपाटातून काढून पाहिले आणि राग थोडा उतरला, कारण ते खरोखरच तिथे होते.

पट्टीतले सगळे बटाटे गाईंना गेले. एकेचाळीसचे मात्र मी पडवीत ठेवले होते. पोप्केंना ते ठाऊक होते. जानेवारीत एका रविवारी ते आणि त्यांची बायको त्रीन्के चर्चमधून परस्पर इकडे आले. त्रीन्केने विचारले, "मोठं पातेलं कुठे आहे?"

विषाणूचा बटाटा खायला काही अपाय नसतो, हे तुम्हाला माहीतच आहे. तिने सगळे उकडले. लोणी आणि मोहरीच्या रश्शाबरोबर आम्ही तिघांनी जमेल तेवढे खाल्ले. मी ते याआधी हिस्काच्या हातचे कितीदा खाल्ले असतील, पण चव कधी लक्ष देऊन घेतली नव्हती. किंचित अक्रोडासारखी होती.

"चांगला होता," पोप्के म्हणाले. "माझ्या सऱ्या याच्यापायी गेल्या, निदान चांगला तरी होता."

त्रीन्के म्हणाली, "जेवताना शेत काढू नका."

उठताना पोप्केंनी माझ्याकडे पाहिले. "साहेब, कोटाच्या खिशातलाही द्या."

मी दिला. तो त्यांनी कच्चाच डुकरांच्या बादलीत टाकला.

बी मागच्या आठवड्यात खिडकीतल्या ट्रेमध्ये पेरले. तुम्ही म्हणता तसे शोधणार नाही, असे वचन मात्र देता येत नाही. रोपे बाहेर मांडायची वेळ आली की मागच्या अंगणात बादल्यांत लावीन; ते कुणाच्याही शेताला लागून नाही. मावा येऊ नये म्हणून वर जाळी हवी. आईचे पडदे बारीक विणीचे आहेत. पुरतील.

रींक


अँगस
६ एप्रिल १९९७

प्रिय रींक,

पडदे. हिस्का हे ऐकायला हवी होती.

पडद्याखाली हवा खेळेल असं बघा. फुलं येतील तेव्हा त्यांच्यावर जीव लावू नका. फूल म्हणजे काहीच नव्हे. ऑगस्टात करपा येईल तेव्हा औषध मारायचं नाही. ज्याला येतो त्याला येऊ द्यायचा आणि त्याच दिवशी उपटायचं. त्याच दिवशी. तुमच्या एका ओळीवर मी आता विश्वास ठेवणार नाही, तेव्हा लांब पत्र लिहा.

एफी


हेट बिल्ट
२८ सप्टेंबर १९९७

प्रिय एफी,

लांब लिहितो.

रोपे चांगली वाढली. एकही दुसऱ्यासारखे नव्हते. काही पसरली, काही काटकुळी निघाली, एकाचे पान तर टोमॅटोचे वाटावे असे होते. जुलैत त्यातल्या एकाला पांढरे फूल आले, आत फिकट जांभळी छटा. झाड ताठ होते. मी रोज सकाळी आधी त्याच्याकडे जात होतो. तुम्हाला मुद्दामच लिहिले नाही.

ऑगस्टात सतत पाऊस लागला आणि करपा आला. एका शनिवारी सकाळी तीन बादल्यांतली पाने काठाने काळी झालेली दिसली, मागच्या बाजूला पांढरी बुरशी होती. मी पोते आणले आणि उपटली. दुसऱ्या दिवशी आणखी. आठवडाभर हेच चालले. पोप्के रोज येऊन पोते उचलून पाहत होते. शेवटी निम्म्याहून थोडी कमी उरली. पांढऱ्या फुलाचे झाड उरलेल्यांत होते. एकही डाग नाही. त्या दिवशी मी घरात येऊन खुर्चीवर बसलो आणि मागच्या वर्षीच्या एप्रिलनंतर पहिल्यांदा हिस्काचे नाव मोठ्याने घेतले. घरात कोणी नव्हते.

काल बादल्या उपड्या केल्या. अंगणात प्रत्येक झाडाचे बटाटे त्याच्या पाटीपुढे मांडले. पोप्के आणि त्रीन्के दोघेही आले होते. पांढऱ्या फुलाच्या झाडाखाली लांब दोऱ्यांसारख्या मुळ्या निघाल्या, हातभर, आणि त्यांच्या टोकांना वेडेवाकडे, खोल डोळ्यांचे, बोराएवढे बटाटे. पणजीवर गेले होते. पाला, फूल आणि करप्याला दाद न देणे हिस्काच्या झाडाचे, आणि खाली तो डोंगरातला रानबटाटा.

मी त्याच्यापुढे उभा राहिलो. पुढच्या वर्षी बेणे लावले तर आकार सुधारेल का, असे मी पोप्केंना विचारले. उत्तर मला माहीत होते. बेणे लावले की तेच येते.

"नाही," ते म्हणाले.

मी वाकायला लागलो.

"साहेब," पोप्के म्हणाले, "हात खिशात घाला."

मी हात खिशात घातले आणि बुटाने तो ढीग बाजूला लोटला. त्यानंतरचे सोपे गेले. अंधार पडायच्या आत सगळी रांग संपली.

तीन ठेवली. एकाचे फूल मला आठवतही नाही. त्याचे बटाटे गोल आणि पिवळसर आहेत, डोळे उथळ. त्यातला एक त्रीन्केने उकडून पाहिला. अक्रोडाची चव अजिबात नाही. ती म्हणाली, लोण्याबरोबर चालेल. तिन्हींना नंबर दिले आहेत, नाव नाही. दर वाणाचे थोडे बेणे सोमवारी संस्थेकडे जाईल, काचेच्या नळीत ठेवायला. मी तसे फोन करून ठरवले आहे.

पोप्के जाताना फाटकापाशी थांबले. कडेची पट्टी देणार नाहीत. पण समुद्राच्या बांधाच्या बाजूला, बेण्याच्या शेतांपासून दूर, मेंढ्यांच्या कुरणात एक कोपरा आहे, तो वसंतात नांगरून देतो म्हणाले. "आखडलेलं दिसलं तर मी विचारायला येणार नाही, साहेब. सरळ उपटीन."

मी म्हटले, तुमच्या आधी मी उपटलेले असेल. ते हसले नाहीत, पण टोपीला हात लावून गेले.

लोटलेला ढीग रात्रभर अंगणात तसाच होता. आज सकाळी मी तो फावड्याने उचलला आणि डुकरांच्या बादलीत टाकला.

तुमच्याकडे पुढच्या जूनमध्ये कोणते झाड फुलोऱ्यावर असेल ते कळवा. या तिन्हींतल्या कोणाला पराग येतात का ते पाहून पाकिटातून पाठवीन.

तुमचा,
रींक